दुसऱ्या नंबरची गाडी

ताडपत्रीचं एक टोक मिहीरने धरलं, दुसरं इस्माईल मिस्त्रींनी. दोघं ओढणार एवढ्यात मी म्हणाले, "थांबा. आधी चारी बाजूंनी जरा ठोका. आत जीव असतील, त्यांना बाहेर पडू दे."

मिहीर पुण्याचा मुलगा, घरात पहिल्यांदाच आलेला. हातात ताडपत्री तशीच धरून तो मिस्त्रींकडे बघायला लागला.

"ठोका म्हणत्यात तर ठोका," मिस्त्री म्हणाले. "ह्या घरात जळणाचं लाकूडबी झटकल्याशिवाय चुलीत जात न्हाई. पर वैनी, एक सांगतो, समद्या जिवांना निरोप देत बसलो तर गाडी पुढच्या जन्मी चालू हुईल."

"पुढच्या जन्मावर तुमचा विश्वास कुठे आहे मिस्त्री?"

"म्हणून तर घाई करतोय."

ठोकल्यावर दोन पाली निघाल्या, एक उंदीर निघाला आणि मागच्या भिंतीच्या फटीत गेला. मग ताडपत्री ओढली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघं तोंडाला पदर-रुमाल लावून उभे राहिलो.

"घ्या वैनी," मिस्त्री म्हणाले, "तुमची सवत."

गाडी लहान होती. मला ती नेहमीच फार मोठी वाटत आलेली, म्हणून नवल वाटलं. लांबट नाक, उघडी चाकं, मध्ये एकाच माणसाला कसंबसं बसता येईल असा खळगा. हळदीसारखा पिवळा रंग होता तिचा. आता हळकुंडासारखा झालेला. मिहीर तिच्याभोवती हळूहळू फिरला. देवळात प्रदक्षिणा घालताना माणसं पावलं टाकतात तशी पावलं टाकत होता. मला तो तेव्हाच आवडला.

आमच्या ह्यांनी, भूपाल मगदूमांनी, ही गाडी आपल्या हातांनी केली होती. उद्यमनगरात आमचा लेथचा कारखाना, त्याच्यामागे घर. लोखंडी नळ्या जोडून सांगाडा केला, फियाटचं इंजिन घातलं, लाकडी साच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून ठोकून अंग केलं. मद्रासकडे, बंगालकडे लढाईच्या काळातले विमानांचे जुने तळ होते, तिथे तेव्हा मोटारींच्या शर्यती व्हायच्या. गाडी ट्रकवर चढवून हे आणि आमच्या कारखान्यातले हे मिस्त्री जायचे. दहाबारा वर्षं गेले. दर वर्षी गाडीचा दुसरा नंबर यायचा. पहिला कधीच नाही.

आता कोल्हापूर हे कुस्तीचं गाव. इथे चितपट करणाऱ्याला फेटा. खाली पडलेला कसा लढला हे कोण विचारतो? चहाच्या टपरीवर लोक ह्यांना म्हणायचे, "काय मगदूम, यंदाबी दुसरंच काय?" हे हसायचे. मिस्त्री मात्र टपरीच बदलायचे. पुढे शर्यती सुटल्या, गाडीवर ताडपत्री पडली. हे जाऊन चार वर्षं झाली होती. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी, आड, आणि मागच्या पडवीत ही गाडी.

मिहीर दामले जुन्या शर्यतीच्या गाड्या शोधून दुरुस्त करायचा. तशा जुन्या गाड्यांच्याही आता शर्यती होतात, असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. ही गाडी नीट करून पुण्याला न्यायची आणि पुन्हा पळवायची, हे त्याचं मागणं. मी हो म्हणाले. एकच अट घातली.

"गाडी माझ्या हद्दीत एकदा पळवून दाखवायची. मग खुशाल न्या."

"हद्द म्हणजे काकू?"

"माझं दिग्व्रत आहे. उत्तरेला वारणा, दक्षिणेला दूधगंगा, पूर्वेला बाहुबलीचा डोंगर, पश्चिमेला रंकाळा. त्याच्या बाहेर मी जात नाही."

"आज?"

"जन्मभर."

"मग काकांची शर्यत तुम्ही..."

"नाही पाहिली."

"एकदाही नाही?"

"ती काय चौकात व्हायची?" मिस्त्री मध्येच म्हणाले आणि पाना आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

काम सुरू झालं. मिहीर दर आठवड्याला दोन-तीन दिवस यायचा, मिस्त्री रोज. कारखान्याचं दार पुन्हा उघडलं. सकाळी मी आम्हा जैनांचे सतरा नियम घेते, म्हणजे आज काय खाईन, किती वेळा, कशावर बसेन, कुठवर जाईन, याची मर्यादा रोज मनाशी आखायची. शिवाय वाराप्रमाणे एकेक रस सोडायचा: रविवारी मीठ, बुधवारी तूप, शनिवारी तेल, असे. नियमांत वाहनाचाही एक नियम असतो. मी गेली कित्येक वर्षं म्हणत आले, "आज वाहनाचा त्याग." कुठे जायचंच नसलं की तो त्यागही सोपा. सामायिक, म्हणजे सकाळचं ध्यान, आटपून मी पडवीच्या उंबऱ्यावर बसायची आणि दोघं गाडी सोडवताना बघायची. ह्यांच्या हयातीत मी त्या उंबऱ्यापर्यंत कधी आले नव्हते.

मिहीरने इंजिन उघडलं. पिस्टन हातात घेऊन तो उजेडाकडे धरायचा, फिरवून बघायचा.

"मिस्त्री, ह्यात काही खराबी नाही हो. इतकं जपलेलं इंजिन मी पाहिलं नाही. ही गाडी पहिली यायला हवी होती."

"हवी हुती," मिस्त्री म्हणाले.

"मग का नाही आली?"

"नशीब."

"आणि कार्बोरेटरचे भोंगे कुठे आहेत? चार असणार. हवा ओढायला तोंडाशी बसवलेले."

"हरवलं असतील. लई वर्सं झाली." एवढं बोलून मिस्त्री गाडीखाली सरकले. त्यांचे नुसते पाय दिसत होते. पायांनासुद्धा काही लपवायचं असावं असे ते आखडलेले होते.

मिहीरने नवे भोंगे लेथवर कातून घेतले.

एके दिवशी त्याने पाणी मागितलं. मी आडावरून कळशी आणली, तांब्यावर गाळणं दुहेरी धरून पाणी गाळलं, आणि मग तेच गाळणं गाळलेल्या पाण्याने उलटं खंगाळून ते पाणी हळूच परत आडात सोडलं. तो बघत होता.

"ते परत का ओतलंत?"

"जिवाणी म्हणतात त्याला. कापडावर जे बारीक जीव अडकतात, ते ज्या पाण्यातले त्या पाण्यातच सोडायचे. इथले तिथे टाकले तर मरतात."

"रोज?"

"दर वेळी." मग मला बोलायची लहर आली. घरात ऐकणारं कुणी आलं की असं होतं. "ही गाळणी मी स्वतः शिवते. जाड कापड, काठाला तांबडा दोरा, म्हणजे सुतं सुटत नाहीत. पण पूर्वी ह्या घरात गाळणं टिकायचंच नाही. वर्षाला एक तरी दोरीवरून नाहीसं व्हायचं. हे म्हणायचे, कावळा नेतो घरट्याला."

मिस्त्रींना चहाचा ठसका लागला. मिहीरने पाठ थोपटली.

"अलीकडे नाही जात," मी म्हणाले. "बरीच वर्षं झाली. कावळेही कमी झाले म्हणा."

मी उंबऱ्यावर का आले नव्हते, ते सांगायला हवं.

लग्नाचं पहिलंच वर्ष. मद्रासहून गाडी येणार म्हणून उद्यमनगरात माणसं जमलेली. दुसरा नंबर म्हणजे पहिल्या वर्षी तरी कौतुकच होतं. मी औक्षणाचं ताट घेऊन पुढे झाले. ट्रकवरून गाडी उतरवली आणि तिचं नाक माझ्यासमोर आलं. नाकावर, चार भोंग्यांच्या तोंडांत माशा, चिलटं, पतंग नुसते लिंपलेले. एका भोंग्याच्या काठाला पिवळ्या फुलपाखराचा अर्धा पंख चिकटलेला होता आणि वाऱ्याने तो अजून हलत होता.

"अहो," माझ्या तोंडून गेलं, "किती हे जीव."

सगळ्यांसमोर. हे हसत होते, तसेच हसत म्हणाले, "एस्टीच्या काचेला काय चिकटत नाही? मग काय एस्टी बंद करायची?"

माणसं हसली. मी औक्षण पुरं केलं आणि आत गेले. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

त्या चातुर्मासात बाहुबलीला माताजींपुढे, म्हणजे आमच्या साध्वींपुढे, मी दिग्व्रत घेतलं. पाप तिघांचं असतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं: करणाऱ्याचं, करवणाऱ्याचं आणि मनातून बरं म्हणणाऱ्याचं. ह्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण मी तिथे जाऊन टाळ्या वाजवायच्या नाहीत एवढं होतं. डोंगर उतरताना ह्यांनी विचारलं, "म्हणजे माझी शर्यत तू कधीच बघायची नाहीस?"

"हद्दीत झाली तर बघेन."

"कोल्हापुरात कोण घेणार शर्यत, रत्ना?"

त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही. हे जायचे, यायचे, कप कपाटात ठेवायचे. मी दिवे लागायच्या आत वाढायची. माझ्या नियमांची चेष्टा मात्र करायचे. "आज कशाचा त्याग? मिठाचा? मग आज माझ्याशी गोड बोल." गाडी त्यापुढे घरी यायची ती स्वच्छ होऊन, नाकावर एक ठिपका नसायचा. मला वाटायचं, वाटेत धुऊन आणतात, माझ्यापासून लपवतात. चेष्टेने कधी वाटले नाहीत तेवढे हे मला ह्या एका लपवण्याने लांबचे वाटायचे.

माघ संपत आला तेव्हा गाडी जोडून झाली. रंग पुन्हा हळदीचा. इंजिन सुरू केलं तेव्हा पत्र्यांच्या आढ्यावरची पारवी उडाली. पण नुसतं उभ्याने ते बरं चालायचं. जोर दिला की अडखळायचं, भोंग्यातून फट् करून उलटी ज्वाळा टाकायचं आणि गप्प व्हायचं. दोन दिवस मिहीर त्याच्या मागे होता. तिसऱ्या दिवशी त्याने कार्बोरेटरमधून चार बारीक पितळी तुकडे काढून तळहातावर घेतले.

"हे जेट बघा. पेट्रोल येतं ह्यातून. इतके बारीक कुणी घातले? ह्या इंजिनाला हे म्हणजे पैलवानाला चमच्याने जेवण. कुणाची ही चूक?"

"चूक न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, चूकच आहे. हवा इतकी आणि पेट्रोल एवढंसं..."

"मीच घातल्यात. चूक न्हाई, गुन्हा हाय त्यो. माज्याकडनं करून घेतलेला." त्यांनी हात पुसले, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि लुना काढून गेले.

अर्ध्या तासात आले. हातात बिस्किटांचा जुना गोल डबा. तो त्यांनी मिहीरला दिला नाही, माझ्यापुढे उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः खाली फरशीवर बसले.

आत चार भोंगे होते. चारींच्या तोंडांवर कापड ताणून सुतळीने बांधलेलं. कापड धुळीने करडं पडलेलं. मी एक उचलला. काठाला तांबडा दोरा होता, माझ्या हातची टीप, दर बोटभर अंतराला एक उलटा टाका.

"मिस्त्री, हे माझं गाळणं आहे."

"व्हय वैनी."

"आणि कावळा?"

"कावळा म्हंजे अण्णाच." मिस्त्री ह्यांना अण्णा म्हणायचे.

मिहीर इंजिनाला टेकून उभा राहिला. मिस्त्री बोलायला लागले, ते माझ्याशी की डब्याशी ते कळत नव्हतं.

"दुसऱ्या वर्साची गोष्ट. मद्रासला रेस सुरू व्हायच्या आधी अण्णानं खिशातनं फडकं काढलं, चार तुकडं केलं आन् बांदाय लागला. मी म्हटलं, आवं, मुसकी बांदून बैल पळवतासा काय? म्हणाला, मद्रासची धूळ वंगाळ. म्हटलं, बाकीची इंजनं ती धूळ खात न्हाईत व्हय? तर म्हणाला, 'त्यांना घरी कोण विचारणारं नाही, इस्माईल.' आधी दुहेरी बांदायचा. इंजनाला श्वासच घेता येईना. म्हटलं, अण्णा, न्हाईतर ढकलतच न्हेऊ या. मग एकेरीवर आला. त्या फडक्याच्या बेतानं मी जेट बारीक केलं. सरळ रस्त्याला गाडी तेवढ्यानं कमी पडायची. एका गाडीनं कमी. दर वर्सी."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"शपथ घातली हुती. वैनीला कळता कामा न्हाई. आन् माझंबी भ्याव हुतं. तुमच्या सोवळ्यातलं फडकं, मला हात लावून गाठी माराय लागायच्या. तुमी काय म्हटलं असतं कुणाला ठावं."

मी काहीच म्हणाले नसते. पण तेव्हा तेही सांगितलं नाही.

"अजून एक हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी टोपी काढून परत घातली. "रेस संपली की लोक कपाकडं जायचं. अण्णा आधी फडकी सोडायचा, हातात घेऊन रस्त्याच्या कडंला गवतात जायचा. आमी समदे पाठ फिरवायचो. म्हटलं, इतका येळ आवळून बसलेला माणूस, त्याला लागत असंल."

मिहीरला हसू आलं. मलाही.

"धा वर्सं पाठ फिरवली बगा. एकदा बक्षिसाला नाव पुकारलं म्हणून बोलवाय मागनं गेलो. बगतो तर ह्यो माणूस फडकं झटकत हुता. जोरानं न्हाई. असं... तान्ह्याच्या टाळूवर तेल घालत्यात न्हवं का, तसं. म्हटलं, अण्णा, काय करतासा? तर वर न बगता म्हणाला, 'घरची रीत आहे. जिथलं तिथं सोडायचं.'"

पारवी परत येऊन आढ्यावर बसत होती.

मी चारी भोंगे पुन्हा डब्यात ठेवले. जुनं झाकण वाकडं झालेलं, लागेना. मिहीरने ते लावून दिलं.

"काकू," तो हळूच म्हणाला, "माझ्याकडे मोठे जेट आहेत. तोंडं उघडी ठेवून ते बसवले तर गाडी कधीच पळाली नाही तशी पळेल. तुम्ही म्हणाल तसं करू."

"एकदा तोंड सोडून पळवू या वैनी," मिस्त्री लगेच म्हणाले. आवाजात इतकी वर्षं दाबून धरलेलं काहीतरी होतं. "निदान एकदा. ती काय ताकदीची हाय त्ये मला तरी बगू द्या. टपरीवर लोकांनी मलाच हिणवलं. म्हणायचं, मिस्त्रीचा हात दुसऱ्या नंबरचा. अण्णा हसला, मी न्हाई हसलो कदी."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या कापडाची किंमत ह्यांनी भरली असेल, पण अर्धी मिस्त्रींनी भरली होती, आणि कशासाठी ते त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

"उद्या सकाळी सांगते," मी म्हणाले.

दुसरा दिवस बुधवार, तुपाच्या त्यागाचा. नियम घेत वाहनापर्यंत आले आणि सवयीने "त्याग" म्हणणार तोच थांबले. म्हणाले, "आज वाहन एक." मग दोरीवरून नवं गाळणं काढलं, कात्रीने चार तुकडे केले, प्रत्येकाच्या कापलेल्या कडेला पुन्हा तांबडा दोरा घातला आणि बाहेर आले.

मिस्त्रींनी माझ्या हाताकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं.

"मिस्त्री, पुण्याला गेल्यावर मिहीरने काय करायचं ते तो ठरवेल," मी म्हणाले. "पण माझ्या हद्दीत हे राहू दे. रागावू नका."

चिमटीतली विडी मिस्त्रींनी न पेटवताच कानावर ठेवली. मग मिहीरपुढे हात पसरला. "आण ते बारीक जेट." बसवून झाल्यावर माझ्याकडे वळले. "गाठी मी मारणार. अण्णा ढिल्या मारायचा. मी त्याच्या चोरून परत आवळायचो. हात लावू न्हवं?"

"तुमचाच हात लागत आलाय," मी म्हणाले.

कागलच्या अलीकडे माळावर एक कारखाना बंद पडलेला होता, त्याच्या भोवतीने डांबरी रस्ता गोल गेलेला. दूधगंगा अजून पुढे, म्हणजे हद्दीतच. मिहीरने मला आपल्या गाडीतून नेलं आणि एका दगडावर चटई घालून बसवलं. गवत वाळून पिवळं झालं होतं. लांबवर एक मेंढपाळ, बाकी कुणी नाही. शर्यत म्हटली की मी गर्दी डोळ्यांपुढे आणायची. इथे माळ, वारा आणि आम्ही तिघं.

मिहीरने हेल्मेट घातलं, डोळ्यांवर काच ओढली, खळग्यात उतरला. इंजिन सुरू झालं. आज अडखळलं नाही. मिस्त्रींनी कान तिरका केला आणि नुसती मान हलवली.

गाडी कारखान्याच्या मागे गेली. आवाज गेला, बारीक झाला, वळणावर खाली आला, पुन्हा चढला. मग ती उजवीकडून निघाली, पिवळी, जमिनीला लागून, आणि माझ्यासमोरून गेली. काय दिसलं म्हणाल तर फार काही नाही. हेल्मेट, खांदे, स्टिअरिंगवरचे दोन हात. हेल्मेटमधला माणूस कोण ते ओळखू येत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ती दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली. दर वेळी माझ्यासमोर येण्याआधी मी पदर सावरत होते.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मांडीवर होते. पण मनाने काय केलं ते मनालाच ठाऊक.

मिहीर थांबला, उतरला. चेहऱ्यावर काचेचा वळ उठलेला. "काकू, काय गाडी आहे हो," म्हणाला. मिस्त्री इंजिनाशी वाकून फडकी सोडत होते. चारी सोडून झाल्यावर त्यांनी ती तळहातांवर आडवी धरली, ओंजळ धरतात तशी, आणि माझ्यासमोर आले.

मी फडकी घेतली आणि रस्त्याच्या कडेने गवतात गेले. दहा-वीस पावलं असतील, पण कडेची कुसळं लुगड्याला लागत होती म्हणून सावकाश. वाकून पहिलं फडकं हलकेच झटकलं. चिलटं पडली, मेलेलीच बहुतेक. दुसरं, तिसरं. चौथ्याच्या तांबड्या दोऱ्याला एक हिरवा किडा धरून बसला होता, तांदळाच्या कणीएवढा. झटकलं तरी उतरेना. मी फडकं गवताच्या पात्याला लावून धरलं आणि वाट बघत उभी राहिले.

असेच उभे राहायचे हे. कुठल्या तरी परक्या माळावर, मागे लोक नाव पुकारत असताना, असंच वाकून. आणि मी तेव्हा घरी दोरीवरचं गाळणं शोधत असायची, कावळ्याला नावं ठेवत.

किड्याने एक पाय पात्यावर ठेवला. परत घेतला. मग पुन्हा ठेवला.

मागे काहीच आवाज येत नव्हता म्हणून मी वळून बघितलं. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून उभे होते, ताठ, दोन्ही हात मागे बांधून. त्यांचं बघून मिहीरही तसाच पाठ फिरवून उभा होता.

"झालं का वैनी?" मिस्त्रींनी न वळता विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणाले. "उतरतोय."

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढली आणि वारणेच्या पुलावरून गेली. मी पुलापर्यंतही गेले नाही. त्या दिवशी वाहनाचा त्याग होता.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला मिहीरचा फोन आला. जुन्या गाड्यांची मोठी शर्यत होती, मद्रासच्याच बाजूला. मिस्त्री तेव्हा आडाजवळ बसून माझ्या रहाटाला तेल घालत होते.

"काकू, दुसरा नंबर."

मी मिस्त्रींना सांगितलं. "या अल्ला," ते म्हणाले, "ह्यानंबी बांदलं?" आणि हसता हसता त्यांना इतका खोकला आला की मला पाणी गाळून द्यावं लागलं.

"मोठे जेट घातले नाहीस?" मी फोनवर विचारलं.

"घालणार होतो. घेऊनही गेलो होतो." मग म्हणाला, "काकू, एक काम होतं. कापड विरलं. नवीन पाठवाल?"

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्याशी बोलायचं ते मी आता आडाशी बोलते. पाणी एकटीपुरतं, त्यामुळे कळशीही धाकटी घेतली आहे. पण वर्षातून एक गाळणं मी जास्तीचं शिवते, तांबड्या दोऱ्याचं, दोरीवर वाळवते, घडी करून पोस्टात देते. ते वारणा ओलांडतं आणि पुढे कुठे कुठे जातं. मग दोन-तीन दिवस दोरीवरची ती जागा मोकळी दिसत राहते. पूर्वी दिसायची तशी.